वाळूतली मेणबत्ती

"माझे बाबा जिवंत आहेत का, ते सांगा. आणि नसतील, तर ते कालिनने केलंय का, तेही सांगा."

राडा एका दमात एवढं बोलली आणि बोरोविना गावच्या बसथांब्यावरच रडायला लागली. खाजगी गुप्तहेर नेवेना चाकारोवा हिने तिला रडू दिलं. नेवेनाचा दीर म्लादेन तिची गाडी चालवायचा. त्याने दहा खिसे चाचपून एक मळका रुमाल काढला आणि तो बघून परत आत ठेवला.

राडाचे वडील स्तामेन. गावापासून मठापर्यंतच्या डोंगरवाटेवर पाइनच्या खोडांना लाल-पांढऱ्या खुणा रंगवायचं काम त्यांचं. काल सकाळी रंगाचा डबा घेऊन ते वर गेले, ते उतरलेच नाहीत. निघण्याआधी होणाऱ्या जावयाशी, कालिनशी, त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. पोरीला जर्मनीला न्यायचं नाही म्हणून. गावाने लगेच कालिनवर बोट ठेवलं. उद्या पोलीस त्याला नेणार होते.

"आणि तुला काय वाटतं?" नेवेनाने विचारलं.

"मला काही वाटेनासं झालंय," राडा म्हणाली. "ईस्टरनंतर लग्न आहे माझं."

तिघं चढायला लागली. धुकं इतकं दाट, की वरची झाडं गायबच. सगळीकडे पाइनच्या ओल्या, सुईसारख्या पानांचा कुबट वास.

"वहिनी, याला मध्यम चढ म्हणतात?"

"पाटीवर तसं लिहिलंय, भावोजी."

"पाटी लिहिणारा बोकड असणार!"

म्लादेनने वाटेकडेच्या फांद्यांच्या ढिगावर बसकण मारली आणि ओरडला. फांद्यांखाली नुकतंच कापलेलं खोड होतं. त्याच्या डिंकाने विजार घट्ट धरून ठेवली होती. नेवेनाने आणखी फांद्या उचलल्या. खाली तसेच कापलेले बुंधे लपवलेले. शेजारच्या पाइनवर लाल-पांढरा पट्टा ताजा होता, बोटाला रंग लागत होता. पुढच्या झाडावरचा मात्र विटलेला, जुना. त्याच्या पलीकडे सरळ कडा.

राडा काही विचारणार होती. नेवेनाने फक्त तिचा हात धरला.

मठाच्या अंगणात शोधून दमलेली तिघं बसली होती. कालिन, स्तामेनची विधवा बहीण झ्लाता आणि वनरक्षक बोझिदार, स्तामेनचा लहानपणापासूनचा दोस्त.

नेवेना आधी चर्चमध्ये शिरली. आत तीनच मेणबत्त्या जळत होत्या. दोन वरच्या तबकात, एक खाली, जमिनीलगतच्या वाळूच्या पेटीत.

"त्या तिघांनीच आत्ता लावल्यात," फादर पाइसी म्हणाले. "त्याआधी मी सगळं साफ केलं होतं. या धुक्यात दुसरं कोण येतंय?"

"फादर, माझे गुडघे मेलेत," म्लादेन कुरकुरला. "त्यांची खाली वाळूत लावू का?"

"धुगधुगी आहे तोवर वरच लाव, बाबा. वाळू गेलेल्यांसाठी असते."

म्लादेन हसला. नेवेना हसली नाही.

तिने एकेकाला बाजूला घेतलं. झ्लाता दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधून ताठ उभी होती.

"भावासाठीच लावली हो मेणबत्ती! सुखरूप सापडू दे म्हणून. त्या कालिनला धरा, मेल्याला!"

"बसा ना."

"बसते कसली! बुटाची नाडीसुद्धा शेजारीण बांधते माझी."

कालिनची विजार पार वरपर्यंत काळ्या, ओल्या चिखलाने लडबडलेली.

"भांडलो मी त्यांच्याशी. पण ते डोंगरात राहावेत असं नाही वाटलं कधी. मेणबत्ती? एकच, त्यांच्यासाठी." राडाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

बोझिदार हळू बोलत होता. "माझीही एकच, स्तामेनसाठी. तो सापडेल. त्याला वाट पाठ आहे."

"वाटेवर झाडतोड झालीय का इतक्यात?"

"माझ्या हद्दीत? वर्षभर कुऱ्हाड लागलेली नाही."

म्लादेन कुजबुजला, "देवभोळा माणूस हो. गुडघे टेकून आलाय, पांढरी वाळू चिकटलीय अजून."

नेवेनाने सगळ्यांना भोजनघरात बोलावलं. घेवड्याच्या सूपला कुणी हात लावला नाही.

"तिघांनी एकेकच मेणबत्ती लावली, तिघांनी स्तामेनसाठीच," ती म्हणाली. "मग एक खाली का? झ्लाताबाईंना वाकता येत नाही. कालिनच्या ओल्या चिखलाला वाळू चिकटली असती, तिथे कणही नाही. बोझिदार, तुमच्या गुडघ्यावर आहे. सगळे त्याला शोधतायत आणि तुम्ही त्याची मेणबत्ती गेलेल्यांत लावलीत."

"सवयीने... चुकून लागली असेल."

"वाळूसाठी गुडघे टेकावे लागतात, चुकून टेकत नाहीत. शेवटच्या ताज्या खुणेपाशी पाइन तोडून लपवलेत. स्तामेनने ते पाहिले. तुमच्या हद्दीतली ती तोड तुम्ही आत्ताच नाकारलीत. माणसांशी खोटं बोललात. देवापुढे मात्र मेलेल्याची मेणबत्ती जिवंतांत लावायला तुमचा हात धजला नाही."

बोझिदारने टोपी काढली.

"झाडं मीच तोडून विकतो, हे गावात सांगेन म्हणाला. मी ढकललं. त्याला मारायचं नव्हतं, देवाशपथ. खाली उतरलो, तर संपलेला. डोळे मीच मिटले त्याचे."

झ्लाताने हंबरडा फोडला. बऱ्याच वेळाने राडा उठून कालिनपाशी गेली.

"माझ्यासाठी थांबशील?"

"एक सांग," कालिन म्हणाला. "यांना बोलावलंस ते बाबांना शोधायला, की मला तपासायला?"

खोटं बोलली असती तर निभावलं असतं.

"दोन्हीसाठी," राडा म्हणाली.

कालिनने मान हलवली आणि फादरकडून दोर मागून घेतला. कड्याखाली तोच उतरला. स्तामेनला पाठीशी बांधून त्यानेच वर आणलं, राडाच्या पुढ्यात जपून निजवलं. मग हात पुसले आणि एकटाच गावाकडे उतरून गेला.