ओंडक्यांच्या घरामागची हाक

देवळाली प्रवरेत त्या रात्री लाईट गेली होती. विहारासमोरच्या ओट्यावर पोरं जमली होती आणि निकितानं भुतांचा विषय काढला होता.  वैजनाथतात्या म्हणाले की भूत असतं का नसतं ते मला विचारू नका, रखमाजीचं काय झालं तेवढं सांगतो. त्यांनी सांगितलं ते असं.

रखमाजी साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन होता. रिटायर झाल्यावर दर रविवारी याच विहारात पोरं गोळा करायचा. भूत नसतं, करणी नसते, आपल्या बापजाद्यांनी छप्पन साली ते सगळं सोडलं, असं ठासून सांगायचा. त्याचा मुलगा तुषार नागापूरच्या एमआयडीसीतून जपानला गेला आणि तिथंच रमला. गेल्या जानेवारीत त्यानं बापाला बोलावून घेतलं, आणि बायको दीपा, दोन पोरं असं सगळं कुटुंब घेऊन बर्फाच्या डोंगरावर सुट्टीला गेला. गुडघ्यांपायी रखमाजीची बायको विमलबाई मात्र गावीच राहिली.

उतरायला घर होतं अख्ख्या ओंडक्यांचं. खाली गवताच्या चटया, मधे लोखंडी शेगडी, आणि एक बुटकं टेबल. टेबलावर रजई पांघरलेली, आत ऊब. त्यात पाय घातले की माणूस उठायचं नाव घेत नाही. नातवंडं दिवसभर पायांना फळ्या बांधून उतारावरून घसरायची आणि लालबुंद गालांनी परत यायची. रखमाजीला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

घराचा मालक ओकुदा नावाचा म्हातारा होता, रखमाजीच्याच वयाचा. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. पण रखमाजी शेगडीत लाकूड कसं सरकवतो ते बघून ओकुदानं ओळखलं, हा आगीपाशी जन्म घालवलेला माणूस आहे. कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती. दोघांनी एकदमच हात जोडले आणि दोघांनाही हसू आलं. तेव्हापासून ओकुदा येता-जाता डोकवायचा. समोरच्या दारानं यायचा, घंटी वाजवायचा, 'राकुमाजी-सान', म्हणजे आपलं रखमाजीराव, म्हणून वाकायचा.

जानेवारीतला तिसरा शनिवार. त्या उतारावर दिवे लावून रात्रीही खेळ चालतो, म्हणून तुषार सगळ्यांना घेऊन गेला. जाताना म्हणाला, आप्पा, तेवढी शेगडी विझू देऊ नका. रखमाजीला हसू आलं. जन्मभर त्यानं दुसरं काय केलं होतं?

बाहेर बर्फ पडत होता. मागच्या बाजूला धप्प आवाज झाला. छपरावरचा बर्फ घसरला असेल. रोजच घसरायचा.

मग हाक आली.

"राकुमाजी-सान..."

मागून. जिकडं दार नाही तिकडून.

रखमाजी अर्धा उठला. आणि तसाच थांबला. त्याची आई सांगायची, रात्री कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ देऊ नये. दुसरीलाही देऊ नये. माणूस असेल तर तिसरी मारतो. जे माणूस नसतं त्याला तिसरी जमत नाही. ही गोष्ट विहारात पोरांना सांगून तो स्वतः हसायचा. पण त्या वेळी हसू आलं नाही. परका मुलूख. काळोख. आणि आपलं नाव.

"राकुमाजी..."

या खेपेला हळू. जमिनीतून आल्यासारखी.

तो खाली बसला. हाताला काम हवं म्हणून शेगडीत एक लाकूड सरकवलं. आणि तिसरीची वाट बघत राहिला.

लाकूड तडतडलं...

बाकी काही नाही.

पोरं परत आली, दंगा झाला, जेवणं झाली. तो शेगडीत लाकडं सारत राहिला. सकाळी ओकुदाची बायको नवऱ्याला शोधत आली, तेव्हा घरामागं बर्फ खणला, तर खाली ओकुदा मरून पडलेला. धुराड्याभोवतीचा बर्फ काढायला तो आला होता आणि सगळं छप्परच त्याच्यावर रितं झालं होतं. छातीवर एवढा भार... दोन हाकांपुरताच श्वास मिळाला असेल, असं रखमाजी मला म्हणाला.

पोलीस आला. त्यानं विचारलेलं तुषारनं मराठीत सांगितलं.

"आप्पा, रात्री काय आवाज आल्ता का?"

"न्हाई."

ती म्हातारी रखमाजीपुढं कमरेत वाकली. तुषार म्हणाला, तुमची सुट्टी आमच्यामुळं बिघडली म्हणून ती माफी मागते आहे.

गावी आल्यावर रखमाजीनं विहारात यायचं सोडलं. कुणी कुणालाही हाक मारो, हा पहिल्या हाकेला ओ देऊन अंगणात हजर. पोरांना खेळ झाला. पंकज तर रस्त्यावरून उगीच 'ओ आप्पा' करून पळायचा. हो, तूच. विमलबाई म्हणायची, "जपानला काय इसरून आलाय तुमी? सारखं कोन बोलावतंय तुमाला?" 

वैशाख पौर्णिमेची रात्र. वारा बंद. दोघं अंगणात खाटांवर झोपलेली. विमलबाईला जाग आली ती नवऱ्याच्या आवाजानं.

"ओ. आलो."

हाक तिनं ऐकली नाही. तो मात्र उठून घरामागं गेला. भिंतीपलीकडं ऊस. सगळं गप्प. ती मागोमाग गेली, तर हा गुडघ्यांवर बसलेला. हात पुढं. विहिरीत पडलेलं वासरू ओढावं तसा ओढत होता. पाय मातीत रुतलेले. समोर कुणी नाही...

"मी ऐकलं हुतं," तो म्हणत होता. "दोनी डाव ऐकलं हुतं मी."

मग मागं कोसळला.

सकाळी त्यानं तुषारला फोन लावला आणि सगळं सांगितलं.  

दुपारी रखमाजीला राहुरीला दवाखान्यात मीच नेलं. मनगट काळंनिळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे भाजलेलं नाही, मुरगळलेलंही नाही, हे बर्फानं गोठलेलं आहे. बर्फाच्या कारखान्यात असता का कामाला? बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी मनगट उलटं करून बघितलं. चार बोटं आणि अंगठा यांचे वळ, स्पष्ट. धरलेलं खालून होतं.