विश्रामच्या मोटरचं रबर

मी यात काहीही वाढवलेलं नाही. ज्याची खात्री नव्हती, ते गाळलंय.

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. रविवार, सकाळचे अकरा. ठाण्यात कोलशेतच्या खाडीलगत माझ्या काकांचं घर, त्यामागची पत्र्याची खोली.

मी वर्तकनगरला राहते. कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सहा दिवस उभं राहून बोलायचं आणि सातव्या दिवशी काकांकडे जायचं. दामाजीकाका सत्तरीचे. बोटं वाकत नाहीत, एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हणून होडीच्या मोटरचं काम माझ्याकडे आलं.

मोटरच्या खालच्या भागात लिंबाएवढं रबरी चक्र असतं. सहा पाती. ते खाडीचं पाणी वर खेचतं आणि इंजिन थंड ठेवतं. मेकॅनिक त्याला इंपेलर म्हणतात, काका नुसतं रबर. पाती झिजली की पाणी चढत नाही. मोटर तापते आणि जाम होते.

त्याच्या दोन वर्षं आधी ती तशीच जाम झाली होती. भर ओहोटीत, खाडीच्या मधोमध. होडीत काकांचा एकुलता एक मुलगा होता, विश्राम. रबर बदलायला हवं, असं तो सांगत होता. काका म्हणाले होते, "या महिन्यात चालंल."

तिसऱ्या दिवशी त्याचा देह कांदळवनात सापडला.

मोटर पुढे दुरुस्त झाली, पण काका पुन्हा खाडीत गेले नाहीत. ती विकायची आणि काका-काकींना माझ्याकडे न्यायचं, असं ठरलं होतं.

"कॉलेजात इस्त्रीची साडी आणि हितं ग्रीस चोळतेस गो," भागीरथीकाकी चहा ठेवत म्हणाली. "लगीन केलं असतंस तर नवऱ्याला लावलं असतं कामाला."

"त्यालाही मलाच शिकवावं लागलं असतं, काकी."

नवीन रबर बसवलं. मोटर चालू केली नाही. गिऱ्हाईक पुढच्या रविवारी येणार होतं.

ते आलं. नवीन रबर दाखवायला मी खालचा भाग उघडला.

पाती झिजलेली होती… एका बाजूला वाकलेली… आणि मधे काळा, ओला गाळ.

"मॅडम, हे नवीन? वर्षभर चालवलंय हे." गिऱ्हाईक हसलं आणि निघून गेलं.

चुकून जुनंच बसवलं असेल, असं वाटलं. पण जुनं माझ्या पर्समध्ये होतं. पिशवीत, तारखेसकट.

मी दुसरं आणलं. सुईने त्यावर तारीख कोरली. स्पार्क प्लग काढून घरी नेला. पेट्रोलची टाकी काकीच्या स्वयंपाकघरात ठेवली. खोलीला माझं कुलूप लावलं.

तीन आठवड्यांनी उघडलं.

कुलूप शाबूत. तारीख तीच.

पाती झिजलेली…

गाळ मी प्रयोगशाळेत तपासला. खाडीचाच होता. खारा.

"त्याला घरी यायचाय," काका म्हणाले. एवढंच. मोटर विकायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मग दर महिन्याला मी रबर बदलू लागले. का, हे स्वतःला विचारायचीही ताकद नव्हती.

मार्चमध्ये परीक्षा सुरू झाल्या. घरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. रबर बदलायला ये म्हणून काकांचा फोन आला. मी इतकी थकले होते की विचार न करता बोलून गेले.

"काका, या महिन्यात चालेल."

काकांनी फोन ठेवला.

त्या बुधवारी दुपारी चारला काकीचा फोन. "ऋजू, मोटर तापली गो!"

मला पोहोचायला सव्वा तास लागला.

खोलीत वाफ होती… जळक्या रबराचा वास… आणि आवाज अजिबात नाही. इंजिन बंदच होतं. काका बादलीमागून बादली ओतत होते. मोटरच्या पत्र्यावर पाणी पडलं की चरचरायचं. त्यांच्या तळहातांवर फोड आले होते.

"बदल गो लवकर! ओहोट लागली. परत नेईल त्याला."

(नंतर मी वेळापत्रक पाहिलं. त्या दिवशी ओहोटी तीन पन्नासला लागली होती.)

हाताला ओलं फडकं गुंडाळून बोल्ट खोलले. रबर वितळून चिकटलं होतं. खरवडून काढलं. नवीन बसवलं.

दहा मिनिटांत मोटर गार झाली.

चालू मोटरच्या मागे एका बारीक भोकातून पाणी बाहेर पडतं. पाणी वर चढतंय याची ती खूण. ही मोटर लाकडी स्टँडवर, कोरड्या जमिनीपासून दोन हात वर टांगलेली होती.

आणि त्या भोकातून… धार लागली.

मी बोटावर घेऊन चाखली. खारी होती.

काका फोड आलेले हात त्या धारेखाली धरून उभे राहिले. काकी दाराशीच बसली. 

ते दोघं आता माझ्याकडे येणार नाहीत. मीही विषय काढत नाही. मी महिन्यातून एकदा जाते, बोल्ट खोलते, रबर बदलते, हात धुते.

मागच्या रविवारी निघताना काका म्हणाले, "किती दमतेस गो. पण आता लांब नाय तो. दोन-चार महिने, बस."

त्यांना हे कसं कळतं, ते मी विचारलं नाही.

त्याच सकाळी दुकानदाराने सांगितलं होतं, "मॅडम, हे मॉडेल फार जुनं. याचं रबर यायचं बंद झालं. दोनच शिल्लक आहेत."

मी दोन्ही घेतली. एक त्याच दिवशी बसवलं.

एक माझ्या कपाटात आहे.

काकांना अजून सांगितलेलं नाही.