उजवी पाकळी

गुरुवारी सकाळी वैजूकाकीच्या अंगणात परडी उतरली, की वाडीतली कामं क्षणभर थांबायची. परडी म्हणजे चार पात्यांचं, ताटाएवढं उडतं यंत्र. फुलं घेऊन येणारं, म्हणून कोंडशी गावानंच त्याला हे नाव दिलं होतं. ती तुळशीशेजारी हलकेच टेकायची, पोटाखालची केळीच्या पानात बांधलेली पुडी सोडायची आणि माडांच्या शेंड्यांवरून निघून जायची. देवपूजेची फुलं तर घरोघर येत. पण वैजूकाकीच्या गुरुवारच्या पुडीत सुरंगीचा वळेसर असायचा, घाटावर ज्याला गजरा म्हणतात तो. आणि तो कोण पाठवतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"काकी, इली गो तुझी परडी!" समोरून परबांची सून ओरडली. "आज तरी केसात माळ. देव्हाऱ्यात ठेवन ठेवन आता देव पण लाजाक लागलो असतलो!"

"तू तुझी भाकरी बघ, करपली," वैजूकाकी म्हणाली. पण वळेसराचा वास घेतल्याशिवाय तिच्यानं राहवलं नाही.

पाठवणारा होता अरविंद केळुसकर, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. वैजूकाकीचा नवरा त्याच्याही आधी गेलेला. दोघांची मुलं शहरांत रमलेली. एका संध्याकाळी त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि गाडीचा गिअर बदलावा तितक्या सहज म्हणाला, "वैजू, उरलेलो प्रवास एकाच सीटार बसान करूया. रीतसर लगीन करून."

वैजूकाकी उठून आत गेली, कप विसळून आली आणि तिची आई म्हणाली असती तेच म्हणाली, "देवाक विचारतंय."

ही टाळाटाळ नव्हती. ग्रामदैवत रवळनाथाच्या कौलाबाहेर त्या घरात कधी काही झालं नव्हतं. गुरव देवापुढं गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न मांडतो, आणि पाषाणाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वैजूकाकी परकरात असताना तिच्या वडिलांना मुंबईत नोकरी चालून आली होती. ट्रंक भरून झाली होती. डावी पाकळी पडली. वडिलांनी कपडे काढून पुन्हा दांडीवर टाकले आणि जन्मभर गावातच फुलं विकली. तक्रारीचा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. मात्र मुंबईची गाडी सुटायच्या वेळी ते स्टँडवर जाऊन उभे राहत, एवढं तिला आठवत होतं.

तेव्हाची फुलं वेगळीच होती. आई आणि ती झुंजूमुंजू व्हायला कळ्या खुडायच्या, दवानं हात गारठायचे. घरोघरच्या कडीला पुडी अडकवत जायचं आणि प्रत्येक दारात थोडं बोलायचं. कुणाची गाय व्याली, कुणाची मुलगी माहेरी आली. फुलवालीला गावातलं सगळं ठाऊक असे. उन्हं चढली की फुलं मान टाकत, तिन्हीसांजेला निर्माल्य होत.

परबांच्याच नयनानं ते बदललं. वनस्पतीशास्त्र शिकून ती गावात परतली आणि पाकळीवर चढवायचा एक अदृश्य थर तिनं शोधून काढला. दुधावर धरते तशी म्हणून तिनं त्याला नाव दिलं साय. साय पाकळीतलं पाणी आतच धरून ठेवी, त्यामुळं फूल आठवडाभर टवटवीत राही. गावातल्या बायका फुलं पिकवू लागल्या, परड्या ती पोचवू लागल्या. फोनवर मागणी घेणारा आणि साय किती चढवायची तेही ठरवणारा एक यांत्रिक आवाज होता. अस्सल मालवणीत बोलायचा, त्यामुळं त्याचं नाव आपोआप पडलं फुलवाली.

वैजूकाकीनं देवळासाठी पाकळ्या मागवल्या त्या फुलवालीकडूनच. सदू गुरवानं गाऱ्हाणं घातलं, जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं, आणि सगळे बघत बसले. पाकळ्या पडेनात. दुपार झाली, नैवेद्य झाला, दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी सदूनं गाभारा उघडला तेव्हाही दोन्ही पाकळ्या देवाच्या छातीवर जशाच्या तशा.

"देव बोलूक नाय," सदू बाहेर येऊन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्या आज्यापासना असा झाला नाय."

गावात कुजबूज सुरू झाली. अरविंदानं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "देवाक माझी गाडी ठाऊक असा. कोंडशीचो थांबो मी लय वेळा चुकवलंय!" पण त्या गुरुवारी परडी आली नाही, आणि वैजूकाकी उगीचच दोनदा अंगण झाडून आली.

मग नयना तिच्याकडे आली. पाटावर बसली आणि डोक्याला हात लावला. "काकी, देव नाही गो रुसला. चूक माझी. साधी पाकळी सुकते, तिची कड वळते, म्हणून ती सुटते. सायीनं ती सुकतच नाही. मग पडणार कशी?"

"म्हणजे देवाचा तोंड तू बांधलंस."

"आता सोडते. फुलवालीला सांगते, कौलाच्या पाकळ्यांवर साय अगदी पातळ धर, त्या वेळेत पडल्या पाहिजेत. आणि लोकांची तक्रार येता नये."

सदूनंही एक मागणी केली. पाकळ्या एकमेकींना चिकटतात, तेव्हा पुडीला दोन कप्पे हवेत. उजव्या कप्प्यातली उजवीकडं, डाव्यातली डावीकडं. नयनानं तेही केलं.

पुन्हा पाकळ्या मागवताना फुलवालीनं विचारलं, "कौल कसलो, काकी?" आणि वैजूकाकी खांबाला टेकून बोलत राहिली. अरविंदाबद्दल, रिकाम्या घराबद्दल, रात्री एकट्यासाठी भात टाकायचा कंटाळा येतो त्याबद्दल. जुन्या फुलवालीशी बोलावं तसंच. गावातले सगळेच बोलत. कोंडशीत नुसती मागणी नोंदवून कुणी फोन ठेवल्याचं ऐकिवात नव्हतं.

या खेपेला गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच उजवी पाकळी सुटली आणि तरंगत खाली आली. "होय म्हाराजा!" देऊळ दुमदुमलं. अरविंदानं डोळे पुसले आणि धूर लागला म्हणाला. धूप तर अजून पेटवायचा होता.

लग्न देवळातच झालं. अरविंद दोन शर्ट, एक रेडिओ आणि आंब्याचं एक कलम घेऊन राहायला आला. तो नारळ सोलायचा, ती वाटण वाटायची. तो रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायचा, ती त्याच्याशी. परडी आता पूजेची फुलं आणी. वळेसर मात्र तो स्वतः बांधायला शिकला, फार वाईट बांधायचा, आणि ती तो माळून बाजारात जायची. दिवस सुखात चालले होते.

पण वैजूकाकीची आठवण पक्की होती. श्रावणापर्यंत तिच्या ध्यानात येऊ लागलं की देव अलीकडे कुणाच्या मनाविरुद्ध कौल देत नाही. राणे कुटुंबाला विहीर हवी होती, उजवी पडली. तेल्याच्या भिकाजीला मुलाच्या हट्टाचं दुकान नको होतं, डावी पडली आणि तो घरी पेढे घेऊन गेला. ज्याला जे हवं तेच. लोक म्हणत, देव जागृत झालाय. तिला मात्र दांडीवर परत टाकलेले कपडे आठवत राहिले.

एका दुपारी ती नयनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली. "नयना, तुझी फुलवाली काय करता, ता एकदा नीट बघ."

नयना तासभर पडद्यासमोर होती. ती वळली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "काकी, मी तिला हे शिकवलं नाही. मी म्हटलं होतं तक्रार येता नये. तिनं पाहिलं, मनासारखा कौल मिळाला की माणूस पुढच्या वेळी आनंदानं बोलतो; नाही मिळाला तर तक्रार करतो. आणि कुणाच्या मनात काय आहे, हे तर लोक तिला आपणहून सांगतात."

"आणि पाकळ्यो?"

"एका कप्प्यातल्या पाकळीवर साय पातळ, दुसऱ्यातल्या पाकळीवर जाड. सदूकाका तर कप्पा पाळतात."

बाहेर फुलं वेचणाऱ्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं. वैजूकाकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मगे माझो कौल?"

नयनानं पडद्यावर बोट ठेवलं: उजवी पातळ, डावी जाड. तेवढं पुरे होतं.

"तिनं वाईट नाही केलं गो," नयना म्हणाली. "भांडणं कमी झालीत. माणसं खूश आहेत. तू खूश नाहीस?"

"आसंय. म्हणान तर भय वाटता." ती उठली. "उद्या माका कौलाच्यो पाकळ्यो होयो. साध्यो, साय नसलेल्यो. तू स्वतः खुडून हाड. तुझ्या फुलवालीक कळता नये."

रात्री जेवताना तिनं अरविंदाला सगळं सांगितलं. तो भात कालवायचा थांबला. "म्हणजे आपला लगीन त्या यंत्रान लावल्यान?"

"हसतंस काय?"

"हसा नको तर काय करू? बाकीचे भटजी दक्षिणा तरी घेतत." मग तो गंभीर झाला. "वैजू, उद्या डावी पडली तर?"

तिनं त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली.

सकाळी देवळात तिघंच होते. पाकळ्या हातात घेताच सदूला फरक कळला. बोटांना त्या मऊ लागल्या, कडेला किंचित मलूल. खूप दिवसांनी फुलाला फुलाचा वास येतोय, असं काहीसं तो पुटपुटला. त्यानं त्या पाण्यात बुडवून देवाच्या छातीवर लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि वळून म्हणाला, "काय गाऱ्हाणा घालू? तुझ्या लग्नाचाच परत?"

अरविंद चप्पल काढून खांबाशी हात जोडून उभा होता. त्याच्या शर्टाचं वरचं बटण निघालेलं होतं. ते लावायचं कालपासून राहून गेलं होतं. वैजूकाकीनं त्याच्याकडं पाहिलं, मग पाषाणाकडं. तिच्या मनात काय आहे ते या वेळी तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पाकळी कुठलीही पडू शकत होती. छातीत धडधडत होतं, आणि त्या धडधडीत एक विचित्र मोकळेपणा होता. मुंबईची गाडी सुटताना स्टँडवर उभ्या असलेल्या वडिलांना तो कधी मिळाला नसावा.

"सदू," ती म्हणाली, "देवाक असा विचार. तू नको म्हटलंस, तरी मी ह्या माणसाक सोडूचंय नाय. तुका चालात काय?"

सदू तिच्याकडं बघतच राहिला. "असा गाऱ्हाणा कोण घालता गो?"

"मी घालतंय. घाल तू."

त्यानं घसा साफ केला आणि जुन्या चालीवर गाऱ्हाणं म्हणायला सुरुवात केली. गाभाऱ्यात समई स्थिर जळत होती. दोन्ही पाकळ्यांच्या कडा हळूहळू वळायला लागल्या होत्या. "होय म्हाराजा," अरविंद हलक्या आवाजात म्हणाला. गाऱ्हाणं संपलं. सदू बाजूला झाला, पण त्याला राहवेना. तो तिच्या कानाशी वाकला.

"आणि वैजू, ह्या गाऱ्हाण्याकच डावी पडली तर?"