सहाव्या घंटेचा दबका ठोका

हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. पण हे घडलेलं आहे. माझी थोरली मेव्हणी एव्हिस मनचं काही रचून सांगणारी बाई नव्हे.

गाव हॅझलस्टो. ऑक्टोबरमधला रविवार, सुगीच्या प्रार्थनेचा. सकाळची वेळ, आणि धुकं असं की चर्चच्या फाटकातून मनोराच दिसत नव्हता.

एव्हिसच्या डोक्यात भूतबीत काही नव्हतं. नुसता संताप होता.

मनोऱ्यात सहा घंटा. एका घंटेला एक दोर, एका दोराला एक माणूस. धाकटीपासून थोरलीपर्यंत ओळीनं वाजवायच्या. धाकटी, म्हणजे पहिली, एव्हिसची. पण गावातली शाळा बंद पडली, दुकान गेलं, निम्म्या घरांत फक्त शनिवार-रविवारी दिवे लागायला लागले. दोर ओढायला माणसं मिळेनात. शेवटी चर्चच्या समितीचे लँबर्न साहेब म्हणाले, "या रविवारी सहाच्या सहा वाजल्या तर ठीक. नाहीतर दोर उतरवू, आणि बटण दाबून वाजणारं यंत्र बसवू."

सहावी सगळ्यात जड. ती टकवेल घराण्याची. आजानं वाजवली, बापानं वाजवली, मग एनॉकनं. एनॉक वसंतात गेला.

तिथली रीत अशी, की घंटा वाजवणारा गेला की त्याच्या दफनाच्या दिवशी घंटांच्या आत ठोका देणाऱ्या लोलकांना एका बाजूनं कातडं बांधतात. मग एक ठोका खणखणीत, दुसरा दबका... लांबून कुणी उत्तर दिल्यासारखा.

एव्हिसनं एनॉकला तसा शब्द दिला होता. पण त्या दिवशी तिघंच जमले. एनॉक घंटेविनाच मातीत गेला.

तर त्या रविवारी पाच जण आले. सहावा म्हणून गावात नवा आलेला गिडियन कबूल झाला होता. त्याचा निरोप आला.

"आता काय म्हणतो?" एव्हिसनं विचारलं.

"कुत्र्याचं पोट बिघडलंय म्हणे," पाचव्या दोरावरचा म्हातारा जेथ्रो म्हणाला.

"मागच्या वेळी सासूचं बिघडलं होतं! त्या घरात धड पोट कुणाचंच नाही का?"

"ओरडू नकोस गं. पाचच वाजवू. लँबर्न बहिरा असेल."

"तो नाही बहिरा. गाव बहिरं आहे!"

सहावा दोर खुंटीला गुंडाळलेला होता. तो तसाच ठेवून त्यांनी सुरुवात केली.

एक, दोन, तीन, चार, पाच... आणि रिकामी जागा.

पुन्हा पाच... रिकामी जागा.

पुढच्या फेरीला...

रिकाम्या जागी घंटा वाजली.

जड. खोल.

कुणी दोर सोडला नाही. फिरती घंटा मधेच सोडता येत नाही. सगळे मान वळवून खुंटीकडे बघत राहिले.

दोर हलत नव्हता.

घंटा मात्र वाजत होती. एक ठोका खणखणीत... दुसरा दबका...

थांबल्यावर एव्हिसनं खुंटीवरच्या दोराला हात लावला. त्याची हातात धरायची लोकरी मूठ गरम होती. आत्ताच कुणीतरी सोडल्यासारखी.

जेथ्रो वर जाऊन आला. "सहावीला कातडं बांधलंय. बाकीच्यांना नाही."

खाली लँबर्न साहेब खुशीत. "सहाच्या सहा! यंत्राचा विषय संपला."

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्या घंटांना कातडं बांधून त्या वाजवल्या, एनॉकला दिलेला शब्द पुरा केला. एव्हिसला वाटलं, सुटला बिचारा.

नाही. त्यानंतरच्या रविवारी सहावी पुन्हा वाजली...

एव्हिस दारोदार फिरली. एक माणूस द्या, म्हणाली. शेजारीण डॉर्कस कुंपणापलीकडून म्हणाली, "अगं, सहाच्या सहा वाजतात की! मी मधे कशाला कडमडू?"

"सहावा माणूस नाहीये तिथे!"

"मग वाजवतं कोण?"

एव्हिस तशीच वळली. घरी येऊन तिनं किटली आपटली. वाजत नव्हत्या तेव्हा माणूस मिळत नव्हता, आणि आता वाजतात म्हणून मिळत नाही!

जानेवारीत जेथ्रोची कंबर धरली. तो घरी बसला.

पाचवी वाजायची थांबली नाही.

फेब्रुवारीत एव्हिस तापानं पडली. तिनं सगळ्यांना निरोप धाडला, या रविवारी कुणी जायचं नाही. मनोऱ्याला कुलूप लावलं. किल्ली तिच्या उशाखाली.

रविवारी सकाळी ती अंथरुणात पडून होती...

आणि घंटा सुरू झाल्या.

सहाच्या सहा.

तिनं कान दिला. पहिली, तिची स्वतःची... एक ठोका खणखणीत.

दुसरा दबका.

उशाखाली हात घातला. किल्ली जागेवर होती.

दुपारी डॉर्कस सूप घेऊन आली. "आज काय सुरेख वाजवलंत गं! वाजवून लगेच येऊन झोपलीस होय?"

एव्हिस आता बरी आहे. गावातून दोर ओढायला अजून कुणी आलेलं नाही. ती मात्र दर रविवारी मनोऱ्यात जाते. पण आधी आपल्या दोराची मूठ चाचपते. गार लागली, तरच धरते.

गेल्या रविवारी, म्हणाली, बराच वेळ थांबावं लागलं.