दोन बोटांची फट

"अहो... तुमचं काहीतरी पडलंय."

सिग्नलला थांबलेल्या हिरव्या गाडीच्या काचेवर टकटक झाली, तेव्हा दातांच्या डॉक्टरला वाटलं, रुमाल असेल. त्यानं मान वळवली. बाहेर एक मुलगी उभी होती. निळी डांगरी, कपाळावर काजळीची रेघ, आणि चामडी हातमोज्यांत, बाळाला धरावं तसा धरलेला एक गंजका सायलेन्सर.

"मागच्या वळणावर सुटला. मी चहाला निघाले होते, हा लोळत आला पायाशी."

"लागलं नाही ना?"

"मला की ह्याला?"

डॉक्टर हसला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी त्याचा पाय ब्रेकवरच.

"समोर गॅरेज आहे, माझ्या मामाचं," ती म्हणाली. "हळूच आणा. सगळी गल्ली दणाणतेय."

वेल्डिंग शिकायला लागली तेव्हापासून मामा तिला ठिणगी म्हणायचा. मग सगळेच म्हणू लागले. ती गाडीखाली गेली आणि बराच वेळ तिचे फक्त बूट दिसत राहिले. लांब नाकाची, दोनच सीटांची, सहा सिलिंडरांची गाडी. दोघांच्याही जन्माआधीची.

"माझ्या आत्याची," डॉक्टर बुटांना सांगत होता. "तिचे गुडघे दुखायला लागले, मग गाडी माझ्याकडे आली. आत्या नेहमी म्हणते, हिचा घसा दाबलाय, एकदा मोकळा करून घे."

"बरोबर म्हणतात," खालून आवाज आला. "असं समजा, घरात सहा भावंडं आणि दार एकच. सकाळी सगळ्यांना बाहेर पडायचंय. काय होईल?"

"भांडण."

"इथे तेच चाललंय. सहा सिलिंडरांचा धूर एका पाईपमधून. आपण दोन दारं करू. पुढच्या तिघांचा एक पाईप, मागच्या तिघांचा दुसरा. आणि गंमत सांगू? ह्या इंजिनात एकदा पुढचा सिलिंडर पेटतो, एकदा मागचा. पाळीपाळीनं. दोन पाईप एकमेकांचं बोलणं कधी तोडत नाहीत."

"असं घर मी अजून पाहिलेलं नाही."

"तुम्ही बोलता बरंच."

"दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसतात, पण उत्तर एकाचंही येत नाही. कोणी दिलं की मी सुटतोच."

मामा दारात उभा राहून ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर तो म्हणाला, "हे काम तू एकटीनं कर. महिनाभर ही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही, तर गाड्या उचलायची दुसरी लिफ्ट तुझी. तिथे कुठली गाडी घ्यायची, कसं काम करायचं, मी विचारणार नाही. पण परत आली, तर अजून एक वर्ष माझ्या हाताखाली."

"नाही येणार परत," ठिणगी म्हणाली. उद्या सूर्य उगवेल, हे सांगावं तशी.

दवाखाना बंद झाला की डॉक्टर रोज 'पाईप बघायला' यायचा. पाईप त्यानं किती पाहिला, कोण जाणे. तो दिवा धरायचा. ती पाईप वाकवायची, जोडायची, छोटे टाके मारून तात्पुरता अडकवायची, मग मनगटानं मुखवटा वर सारून मागे व्हायची आणि एक डोळा मिटून बघायची. त्या मिटलेल्या डोळ्याकडे बघताना दिव्याचा झोत हमखास भलतीकडे जायचा.

"डॉक्टर, दिवा. भिंतीला काय वेल्ड करायचंय?"

सगळ्यात अवघड जागा मागची. दोन मागच्या चाकांना जोडणारा जाड दांडा असतो, आणि पाईप त्याच्या वरून जातात. "गाडी लिफ्टवर उचलली की चाकं लोंबतात, दांडा खाली जातो," ठिणगीनं समजावलं. "तेव्हा भरपूर जागा दिसते. खाली उतरवून आत माणसं बसली की गाडी दबते, दांडा पाईपच्या जवळ येतो. तरीही मधे दोन बोटांची फट उरली पाहिजे."

"आमच्याकडेही तसंच. तोंड उघडं असतं तोवर भरलेला दात झकास दिसतो. मिटलं की कळतं."

म्हणूनच मामाच्या गॅरेजात एक नियम होता. शेवटचं पक्कं वेल्डिंग करायच्या आधी गाडी चाकांवर उभी करायची, आणि प्रत्येक सीटवर माणूस नाहीतर वाळूचं पोतं ठेवायचं. त्या संध्याकाळी डॉक्टर चालकाच्या जागी बसला. ठिणगी कोपऱ्यातल्या पोत्याकडे निघाली आणि मधेच थांबली.

"शेजारी कोण बसतं?"

"कोणीच नाही."

"कधीच?"

"अजून तरी... नाही."

ठिणगी गाडीखाली शिरली. डावीकडे दोन बोटं, उजवीकडे दोन बोटं. तिनं मुखवटा खाली ओढला आणि पक्कं वेल्डिंग करून टाकलं. काम करता करता ती शीळ घालत होती. पोतं कोपऱ्यातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं गाडी गल्लीतून एक फेरी मारून आणली आणि शेजारचं दार उघडून धरलं. "चला ना. एवढं केलंत, ऐका तरी."

कालपर्यंत खोकणारी गाडी आता बोलत होती. हळू असताना शेजारच्या खोलीत दोघं निवांत गप्पा मारत असावेत तशी. जोर दिला की एका दमात मारलेल्या लांब हाकेसारखी. ठिणगी डोळे मिटून ऐकत राहिली.

गतिरोधक आला.

ठक.

तिनं डोळे उघडले. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा, डावीकडून, तिच्या सीटमागून. ठक.

"मला काही ऐकू आलं नाही," डॉक्टर म्हणाला.

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला."

"असं कसं? मी रोज दहा जणांना सांगतो, दुखणार नाही."

ती हसली नाही. कोपऱ्यातलं पोतं तिला लख्ख दिसत होतं. डॉक्टरनं गाडी बाजूला घेतली.

"सकाळी एकटा होतो, तेव्हा वाजलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मग सोपं आहे. मी एकटाच फिरेन. गाडी परत येणार नाही, मामांना कळणार नाही. लिफ्ट तुमची."

"शेजारी कोणीच नाही?"

"पाईप टिकेल तोवर."

"मी केलेला पाईप वीस वर्षं टिकतो."

"मग वीस वर्षं," तो म्हणाला. सुरुवात थट्टेतच झाली होती. पण त्याचा चेहरा थट्टेचा राहिला नव्हता.

ठिणगी त्याच्याकडे पाहत राहिली. एक डोळा न मिटता, दोन्ही डोळ्यांनी.

"वळवा गाडी."

"लिफ्ट जाईल."

"लिफ्ट कुठे पळतेय? बोल्टांनी जमिनीत बसवलीय. पुढच्या वर्षीही तिथेच असेल." ती थांबली. "तुम्ही मात्र... चाकांवर आहात."

त्यानं गाडी वळवली. गतिरोधकावर पुन्हा ठक झालं, आणि ह्या वेळी दोघंही हसले.

मामा फाटकातच होता. "अर्ध्या तासात परत?"

"डावा पाईप दांड्याला लागतोय," ठिणगीनं उतरताच सांगितलं. "मी पोतं ठेवलं नव्हतं."

"का?"

"हे म्हणाले, शेजारी कोणी बसत नाही."

"आणि ते ऐकून तुला बरं वाटलं."

ठिणगीनं मान खाली घातली नाही. "हो."

मामानं डॉक्टरकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं. मग म्हणाला, "लिफ्ट पुढच्या वर्षी. चल, काप तो पाईप."

तिनं कापला, पुन्हा वाकवला, टाके मारले. मामा कोपऱ्यातलं पोतं खांद्यावर घेऊन आला.

"ते नको, मामा," ठिणगी म्हणाली. "माप खरं हवं." आणि डांगरीवरची धूळ झटकून ती स्वतःच डॉक्टरशेजारी जाऊन बसली.

मामा कण्हत, कुरकुरत गाडीखाली शिरला. "दोघंही बसलात?"

"हो."

"नीट बसा. हलू नका. म्हाताऱ्या बोटांना वेळ लागतो."

"सावकाश होऊ द्या," डॉक्टर म्हणाला. दोन सीटांच्या मधे तिचा हात होता, हातमोजा काढलेला. त्यानं तो हातात घेतला. ती हलली नाही. मामानं बजावलंच होतं.

"दोन बोटं," खालून आवाज आला. "बरोबर दोन. झालं, उतरा आता."

कोणीच उतरलं नाही. मामा बाहेर आला, दोघांकडे पाहिलं, आणि पोतं पुन्हा खांद्यावर टाकून कोपऱ्यात ठेवायला निघून गेला.