नव्या तळाचे बूट

पहिल्या भेटीत माणसे एकमेकांचा चेहरा पाहतात, असा सार्वत्रिक समज आहे. त्या संध्याकाळी यात्रेकरूंच्या विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाने मात्र तिचे बूट पाहिले, आणि तेही उलटे करून.

"तळ कोरा आहे," तो म्हणाला. आवाज मऊ होता. त्यामुळे ती अधिकच चिडली. "चालत येणाऱ्यांना इथे फुकट खाट मिळते. गाडीने येणाऱ्यांनी खोली भाड्याने घ्यायची."

"मी गाडीने आले?"

"मी नाही, बूट म्हणतात."

गणवेशांच्या कारखान्यात काजे करणाऱ्या या मुलीला तिथल्या बायका वकीलबाई म्हणत, आणि ते उगीच नव्हे. परंतु आजचा खटला साधा नव्हता. तिच्या मावशीने हयातभर या यात्रेचा ध्यास घेतला होता, आणि गुडघ्यांनी ऐन वेळी दगा दिला होता. तेव्हा तिच्या उशाशी बसून हिने शब्द दिला की, तुझ्या वतीने मी जाईन, आणि एक पाऊलही चाकांवर टाकणार नाही. गाठीला पैसे जेमतेम पोटापुरते. बाकी सारा भरवसा त्या शब्दावर. आणि आता एक परका माणूस तोच शब्द खोटा ठरवीत होता!

"परवा बूट फाटले. वाटेवरच्या मोच्याने नवा तळ बसवून दिला, मी त्याच्या घरचे पडदे शिवून दिले. वरचं कातडं बघा ना, चाळण झालीये त्याची."

"कातडं घरी बसूनही झिजतं. मागच्या वळणावर बसमधून उतरून लंगडत येणारे रोज भेटतात मला. त्यांच्यापायी खरे चालणारे बाहेर राहतात."

"आणि आज मी राहणार. छान न्याय आहे."

"पाय दाखवा, म्हणजे—"

"बैलबाजारात आलेय का मी?"

ती सरपणाच्या पडवीत जाऊन बसली. पावसाची झड तिथवर येत होती. जरा वेळाने तो पांघरूण घेऊन आला, तेव्हा तिने एवढेच विचारले, "हे चालणाऱ्यांचं, की बसवाल्यांचं?" तो ते ठेवून गेला. गारठा तत्त्वाहून वरचढ ठरेपर्यंत तिने पांघरुणाला हात लावला नाही.

सकाळी तो लाकडे न्यायला आला, आणि दारातच थबकला. ती सोललेल्या टाचांना चिंध्या बांधीत होती. तिने घाईने पाय आखडून घेतले. पण जे दिसायचे ते दिसून गेले होते.

"चूक झाली माझी," तो म्हणाला.

"झालीच. पुढे?"

"आत या… गरम पाणी तरी—"

"नको. एक सांगा, या वाटेने तुम्ही स्वतः किती चाललात?"

तो घुटमळला. "एक मुक्कामही नाही. बूट घेऊन ठेवलेत केव्हाचे… पण दार सोडून जायचं कसं?"

"म्हणजे जन्मात पाण्यात न उतरलेला माणूस काठावर बसून पोहणाऱ्यांची परीक्षा घेतो," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून निघाली.

ती फाटकापर्यंत पोचते न पोचते तोच मागून त्याचा आवाज आला. "ताई, आज दार तू बघ."

"इतकी वर्षं मी काय खिडकी बघत होते?" स्वयंपाकघरातून त्याची थोरली बहीण म्हणाली.

तो आला. पायांत कोरे करकरीत बूट होते.

"मागे का चालता?" बऱ्याच वेळाने तिने विचारले.

"मागून तळ दिसतात."

"अजून तपासणी चालूच आहे?"

"नाही. पाठ करतोय."

तिने मान वळवली नाही. कारण ओठांवर जे आले होते, ते त्याला दिसू देणे तिला परवडणारे नव्हते. राग अजून शाबूत आहे, याची तिने दोनदा खात्री करून घेतली.

दुपारनंतर तो लंगडू लागला. तिने एक चिंधी फाडून, न पाहताच, मागे हात केला. "बांधा. दया म्हणून नाही, तुमच्यामुळे मला उशीर होतोय म्हणून."

"तुम्ही बांधून दिलीत तर…"

"बोट दिलं म्हणून हात धरू नका."

पुढच्या मुक्कामाच्या दारात एक म्हातारी बसली होती. तिथला कारभार तिचा. तिने आधी मुलीचा बूट उलटा केला. "हाताचे टाके. वाटेत बसवलेला तळ आहे हा. ये पोरी, आत ये." एका माणसाला जे आदल्या संध्याकाळी दिसले नव्हते, ते तिला एका नजरेत दिसले. त्या माणसाने खाली पाहिले.

मग त्याची पाळी आली. ओल्या गवताने आणि पावसाने त्याचे बूट धुऊन लख्ख केले होते.

"हे तर आत्ताच दुकानातून निघालेत. गाडीने आलास ना रे?"

"नाही, आजी."

"सगळे असंच म्हणतात. मागच्या मुक्कामाच्या व्यवस्थापकाने निरोप धाडला होता मला, तळ बघत जा म्हणून. कधी भेट नाही झाली, पण मोठा हुशार माणूस असणार."

तो हुशार माणूस खाली वाकला. बूट उचलले, आणि तसाच अनवाणी पावसात, पडवीकडे चालू लागला.

न्याय व्हावा तर असा. दिवसभर तिने दुसरे काय इच्छिले होते? तिला हसू यायला हवे होते. पण आतून उसळला तो संताप, आणि या खेपेस तो त्याच्यावर नव्हता.

"थांबा हो तुम्ही," ती कडाडली. "आजी, हा माणूस चालत आलाय. प्रत्येक पाऊल मी ऐकलंय त्याचं. बूट काय सांगतात ते राहू द्या. मी सांगतेय ना?"

"तुझा शब्द?"

"माझा शब्द."

"मग पुरे की तेवढं." म्हातारी दारातून बाजूला सरली. "ये रे, भिजू नकोस. पण पोरी, हा तुझा कोण, ते नाही सांगितलंस."

तो दारात उभा होता. दोन्ही हातांत बूट, आणि टाचेची चिंधी सुटून लोंबत होती. क्षणभर पाहून ती खाली वाकली, आणि तिने ती स्वतःच बांधायला घेतली.

"ते अजून ठरायचंय," गाठ आवळत ती म्हणाली.

वरून हळूच त्याचा आवाज आला, "ताईला कळवायला हवं… आता बरेच दिवस दार तिलाच बघावं लागणार."

"आणि खिडकीसुद्धा," ती म्हणाली. राग शाबूत आहे का, हे तपासायचे या वेळी तिच्या लक्षातच राहिले नाही.