सांध्याची रेघ

दुपारी दीड ते सव्वादोन. पिल्लू झोपतं, तेवढाच वेळ माझा. कुकरचं झाकण ओट्यावर, दुपट्यांचा ढीग खुर्चीवर, आणि राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटखालून क्लासला निघालेल्या पोरांच्या गाड्या. हॉर्न वाजला की लेकीच्या भुवया हलतात. मी पेन थांबवते, मग पुन्हा लिहिते. आण्णांबद्दल लिहायचं आहे. आता तेवढंच हातात आहे.

आण्णा, म्हणजे माझे वडील कृष्णात, शिरोलीच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं मोल्डर होते. दोन पेट्यांत काळी वाळू दाबायची. खालच्या पेटीत वस्तूचा अर्धा ठसा, वरच्या पेटीत अर्धा. पेटीवर पेटी ठेवून वितळलेलं लोखंड ओतायचं. निघालेल्या नगावर जोडाची बारीक रेघ राहते, तिला ते सांधा म्हणत. त्यांच्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याची तिरकी खूण होती, आणि साच्याची कड ते त्याच अंगठ्यानं गुळगुळीत करत. कितीही अंघोळ केली तरी हातांना त्या वाळूचा वास यायचा, ओला आणि करपट. लहानपणी मला तो आवडायचा.

रिटायर झाल्यावर ते मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. हजारो वर्षांपूर्वी आभाळातून कुणीतरी आलं, माणूस त्यांनी बनवला, त्यांनाच लोक देव म्हणाले, असले. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "तेहतीस कोटी सोडून आलो, आन् ह्यांनी चौतिसावं काढलं!"

"देव कोण म्हणतंय, मीनाबाई? कारागीर म्हणतोय मी," आण्णा म्हणायचे. "पिरॅमिड-बिरॅमिड मला कळत न्हाय. ओतकाम कळतंय."

मी बाळंतपणाला माहेरी गेले, तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. "नाकाखाली बोट लाव. मधी पन्हळ हाय का न्हाय? आता जीभ टाळूला लाव. रेघ लागली? सगळ्यास्नी मधोमधच कशी, सांग की. सांधा हाय त्यो, पोरी."

मी हसले. पण रेघ लागली होती. आणि माझ्या पोटावर बेंबीवरून एक उभी काळी रेघ उमटली होती, ती मी त्यांना सांगितली नाही.

पिल्लू सहा दिवसांचं झालं तेव्हा आक्का, मालिशवाली, यायला लागली. कणकेचा गोळा तेलात बुडवून बाळाच्या पाठीवर, मानेवर फिरवायचा, म्हणजे जन्माची लव निघते. आण्णा मोरीच्या दारात उभे होते. हातात पातळ कागद आणि शिसपेन्सिल.

"आक्का, थांबा की जरा. मानंमागं नंबर असतोय, ओतलेल्या नगावर असतोय तसा. कागदावर उठवून घेतो, मग काय बी घासा."

"अवो दाजी, पोरगी हाय का मोटरीचा पार्ट?"

"चेष्टा न्हाय. घासताना नंबर गेला तर चालतंय, पर कागदावर पायजे. दोन्ही न्हाय म्हटल्यावर नग कुणाचा? परत भट्टीत जातोय. वितळून पुन्यांदा ओततात."

भट्टी हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. टाके दुखत होते, सहा दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी म्हणाले, "आण्णा, तिला हात लावू नका. वास येतो तुमच्या हातांना."

ते हातांकडे बघत राहिले. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आक्कानं गोळा फिरवला.

त्यानंतर त्यांनी पिल्लूला एकदाही घेतलं नाही. दारातूनच बघायचे, हात पाठीमागं बांधून. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं, घ्या की आण्णा. उद्या म्हणू, असं रोज वाटायचं. ती तीस दिवसांची झाली त्या सकाळी आण्णा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. कपात चहा तसाच होता.

त्यांच्या पाकिटात एक पिवळा पडलेला कागद निघाला. पेन्सिल घासून उठवलेल्या सहा खुणा, कुठल्याच लिपीतल्या नव्हेत. खाली त्यांच्या अक्षरात माझं नाव, 'सोनम', आणि माझ्या जन्मानंतरच्या चौथ्या दिवसाची तारीख.

"तुला घासायच्या आधी घेतलेला," आई म्हणाली. "मी म्हटलं, घेऊ दे बापडं."

नवऱ्यानं, प्रसेनजीतनं, माझी मान बघितली. काहीच नव्हतं. "फाउंड्रीतल्या कुठल्यातरी नगाचा असंल गं," तो म्हणाला. असेलही. तरी मी पिल्लूच्या मानेमागे कागद धरून हलकेच पेन्सिल फिरवली. कागद सगळीकडे सारखाच करडा झाला.

पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आम्ही दोघी इकडे फ्लॅटवर आलो. गेल्या मंगळवारी तिला उचललं, तर गादीवर काळे कण. प्रसेनजीत क्लासमध्ये गणित शिकवतो. त्याच्या कपड्यांना खडू लागतो, वाळू नाही. मी चादर झटकली.

बुधवारी जास्त होते.

गुरुवारी वाळू ओली होती, दाबलेली. पाठ, दोन टाचा, डोकं, मानेच्या वळ्या, सगळं रेखीव. अर्धा ठसा. वास ओळखीचा.

शुक्रवारी तिला मांडीवर घेऊन बसले, नजर न हटवता. उठली तेव्हा ठसा माझ्या गाऊनवर होता.

आण्णा असते तर विचारलं असतं, नंबर नसलेल्या नगाचा साचा मोडायचा कसा. हात लावा आण्णा, म्हटलं असतं. हेच हात लावा.

आज गादी स्वच्छ आहे. मी दोनदा हात फिरवून बघितला.

दोन वाजून दहा मिनिटं. पंख्याचा वारा लागू नये म्हणून तिच्यावर दुपटं टाकलंय. ते जड दिसतंय.

एक टोक उचललं.

वाळू आतल्या बाजूला आहे. मिटलेल्या पापण्या, ओठ, एवढीशी हनुवटी. वरचा अर्धा.

पिल्लू शांत झोपलंय. अंगाला एक कण लागलेला नाही.

ठशाच्या कडेनं, सगळीकडून, अंगठा फिरवलेला आहे. त्यावरची तिरकी खूण स्पष्ट उठली आहे.